खाल्ल्या मिठाला न जागलेला जिवाणू : नोतोच्या माकुल-सॉसमधल्या हिस्टामिनचं प्रकरण

दुपारी बांगडा खाल्ला आणि तासाभरात तोंड लालबुंद झालं, कान तापले, डोकं ठणकायला लागलं, अंगावर गांधी उठल्या. कोकणात याला एकच नाव आहे : पित्त उठलं. आमसुलाचं पाणी चोळायचं, गपचूप पडून राहायचं आणि पुढे काही दिवस बांगड्याचं नाव काढायचं नाही. माझ्या आत्यानं असा बांगडा कित्येक वर्षं सोडला होता. पुढे एकदा होडीवरून थेट आलेला बांगडा तिनं आग्रहाखातर खाल्ला आणि काहीच झालं नाही. "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच उपास काढला की काय रे?" असं तिनं मला विचारलं. बहुधा हो. दोष बांगड्याच्या जातीचा नव्हता, तो बर्फाविना टोपलीत पडून राहिला त्या तासांचा होता. बांगडा, तारली, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल मोकळ्या स्वरूपात भरपूर असतं. काही जिवाणू त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून घेतात आणि मागे हिस्टामिन उरतं. ॲलर्जी होते तेव्हा आपलं शरीर स्वतःच जे रसायन सोडतं ते हेच. म्हणून दोन्हीची लक्षणं इतकी सारखी दिसतात की ओळखताना चूक होतेच.

आत्यानं याच्या पुढचं वाक्य जे म्हटलं ते कोकणातलं कुणीही म्हणेल : "तेव्हाच मीठ लावून ठेवला असता तर हे झालंच नसतं."

हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी जपानच्या एका पिंपात डोकवावं लागतं.

पिंप

जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरून एक द्वीपकल्प समुद्रात वाकड्या बोटासारखं घुसलेलं आहे. ते नोतो, इशिकावा प्रांतातलं. १ जानेवारी २०२४ च्या मोठ्या भूकंपामुळे हे नाव आपल्याकडच्या बातम्यांतही आलं होतं. तिथे माशांपासून एक काळसर, पातळ, वासाला उग्र आणि चवीला विलक्षण खोल असा रस करतात. बाहेरच्या, वाजिमाच्या बाजूला तो तारली किंवा बांगड्याच्या कुळातल्या माशांचा असतो आणि त्याला 'इशिरु' म्हणतात. आतल्या, तोयामा उपसागराकडच्या बाजूला तो माकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, पोटातल्या ऐवजाचा असतो, तो 'इशिरी'. उच्चारात गावागणिक फरक पडतो, भांडणंही होतात, त्यात आपण पडायला नको. आपलं प्रकरण माकुलाचं आहे.

माकुल साफ करताना आपण पोटातलं सगळं ओढून फेकतो. मांजरं वाट बघत असतात. नोतोत नेमकं तेच जपून ठेवतात. माकुलाचं यकृत मोठं आणि तेलकट असतं आणि पचनाच्या एन्झाइमांनी ठासून भरलेलं असतं. त्यात वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं मीठ कालवून पिंपात भरायचं आणि सोडून द्यायचं. अनेक महिने, कुठे दोन-तीन वर्षंही. पिंपात बाहेरून काही घालत नाहीत. यकृतातली एन्झाइमं स्वतःचीच प्रथिनं तोडत बसतात, लगदा हळूहळू पातळ होतो, वर तेल तरंगतं, खाली गाळ बसतो आणि मधे रस तयार होतो. तो काढायचा, उकळायचा, गाळायचा. शिंपल्याच्या मोठ्या कवचात पाणी घालून पातळ केलेला हा रस उकळत ठेवायचा आणि त्यात माकुल, मुळा, वांगी शिजवायची, ही तिथली घरगुती थाळी.

म्हणजे इथे मीठ दोन कामं करतं. सडवणाऱ्या जिवाणूंना बाहेर ठेवतं आणि एन्झाइमांना सवडीनं काम करू देतं. आपल्या खारवलेल्या माशाच्या मागचाही हिशेब हाच.

आणि तरीही अशा मासळी-सॉसमध्ये हिस्टामिन सापडत होतं. कधी नगण्य, कधी भरपूर. एकाच पद्धतीनं, तेवढ्याच मिठात भरलेल्या दोन पिंपांत जमीनअस्मानाचा फरक.

पहिला संशय, आणि तो का टिकला नाही

असा निकाल हातात आला की कुणीही आधी कच्च्या मालाकडे बोट दाखवेल. मासा शिळा असणार. मीठ लावायच्या आधीच त्यात हिस्टामिन झालेलं असणार. बांगड्यात हेच होतं : मॉर्गनेला, फोटोबॅक्टेरियम असले जिवाणू उन्हात पडलेल्या माशावर काही तासांत फोफावतात. मीठ लावल्यावर ते मरतात, पण केलेली घाण मागे ठेवून जातात. हिस्टामिनला ना मीठ काही करत, ना उष्णता. शिवाय यातली एक गोम अशी की पेशी मेली तरी तिचं एन्झाइम मिठातही काही काळ काम करत राहू शकतं.

माकुलाच्या बाबतीत हा संशय लंगडा पडतो, आणि त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे नोतोच्या ओगी बंदराची ख्यातीच मुळी जहाजावर गोठवलेल्या माकुलासाठी आहे. पकडल्यावर एकेक माकुल तिथल्या तिथे गोठवतात. शिळं व्हायला वावच कमी. दुसरं कारण रसायनातलं आहे. बांगड्यासारखं मोकळं हिस्टिडिन माकुलात सुरुवातीला नसतं. ते येतं प्रथिनं तुटल्यावर. म्हणजे पिंप जसजसं मुरत जातं तसतसा हिस्टामिनचा कच्चा माल पिंपातच तयार होत जातो. पहिल्या दिवशी ज्याच्याजवळ काडतूस नव्हतं त्याला सहा महिन्यांनी पेटीभर मिळतं. मग ते वापरणारा कोण?

या प्रकारच्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पुरावा महागड्या यंत्रातून येत नाही, तारखांतून येतो. मीठ लावायच्या दिवशीच हिस्टामिन जास्त असेल तर गुन्हा होडीवर किंवा धक्क्यावर घडला. तेव्हा शून्याच्या आसपास असेल आणि महिन्यांनी चढत गेलं असेल, तर गुन्हेगार पिंपात आहे, जिवंत आहे आणि २० टक्के मीठ त्याला पुरेसं वाटत नाही.

ताटली कोरी निघते तेव्हा

इथे मला माझीच एक फजिती सांगायला हवी. खूप वर्षांपूर्वी मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या माशाचा एक नमुना आमच्या प्रयोगशाळेत तपासायला आला. मी जिवाणू वाढवायचं नेहमीचं माध्यम ताटलीत ओतलं, नमुना पसरला, ३७ अंशांवर ठेवला, दोन दिवसांनी पाहिलं. ताटली स्वच्छ. 'जिवाणू आढळले नाहीत' असं लिहून मोकळा झालो. आठवड्यानं नमुन्याची उरलेली बाटली सूक्ष्मदर्शकाखाली सहज पाहिली तर चार-चारच्या चौकड्या करून बसलेले गोल जिवाणू सगळीकडे. चौकटीत मांडलेल्या सुपाऱ्या असाव्यात तसे.

चूक अगदी शाळकरी होती. माध्यमात मीठच नव्हतं. मिठाची सवय झालेल्या पेशीला एकदम बिनमिठाच्या माध्यमावर टाकलं की ती एक तर धक्क्यानं मरते, नाही तर वाढायलाच तयार होत नाही. त्याच माध्यमात १० टक्के मीठ घालून पुन्हा पसरवलं, दोनाऐवजी दहा दिवस थांबलो, आणि टाचणीच्या टोकाएवढ्या, फिकट पांढऱ्या वसाहती आल्या. मिठातले हे जीव सावकाश वाढतात. ज्याला शनिवारच्या आत अहवाल द्यायचा आहे त्याच्या हाती ते लागत नाहीत.

त्या चौकडीवरूनच त्यांचं कुलनाम आलंय : टेट्राजिनोकोकस. ही मंडळी दह्यातल्या जिवाणूंच्या गोतावळ्यातली, लॅक्टिक आम्ल बनवणारी, पण मिठात रमणारी. या कुळातला जुना आणि प्रतिष्ठित सदस्य म्हणजे टेट्राजिनोकोकस हॅलोफिलस. त्याचं वर्णन १९३४ मध्ये पेडिओकोकस या नावाखाली झालं, आणि १९९० मध्ये त्याला हे स्वतंत्र कुळ मिळालं. जपानी सोया सॉसची सगळी मदार त्याच्यावर. सोयाबीन आणि गव्हाच्या खाऱ्या लगद्यात मीठ १७-१८ टक्के असतं. त्यात हा आधी वाढतो, आम्ल करतो, पीएच पाचाच्या आसपास आणतो. मग तिथे मिठात टिकणारं यीस्ट जागं होतं आणि सोया सॉसला त्याचा वास येतो. हा नसेल तर पुढचं सगळं अडतं. थोडक्यात, भला माणूस.

१९९७ : नवं नाव, जुना समज

माकुलाच्या यकृत-सॉसमधून हिस्टामिन करणारे असेच चौकडीवाले जिवाणू मासाताका सातोमी, बोन किमुरा, तातेओ फुजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे केले. दिसायला हॅलोफिलसचे जुळे भाऊ. पण डीएनए जुळवून पाहिला तर जात वेगळी निघाली. आणखी एक फरक होता : हॅलोफिलस मिठाशिवाय कसाबसा तग धरू शकतो, हा मिठाशिवाय वाढतच नाही. १९९७ मध्ये त्याला नाव दिलं गेलं टेट्राजिनोकोकस म्युरिॲटिकस. 'म्युरिया' म्हणजे लॅटिनमध्ये खारं पाणी. खारातला, असंच भाषांतर करावं लागेल. लोणच्याच्या खाराशी रोज गाठ असलेल्या आपल्या भाषेला हे नाव परकं वाटू नये.

पुढे २००१ मध्ये किमुरांच्या गटानं हा जिवाणू हिस्टामिन कधी आणि कसं बनवतो ते तपशिलात मांडलं. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट : मीठ २० टक्क्यांवर नेलं की त्याची वाढ मंदावते, पण हिस्टामिन बनवणं त्या प्रमाणात मंदावत नाही. संख्या वाढत नाही म्हणून निर्धास्त राहावं तर कारखाना चालूच.

तो हे करतो तरी कशाला, हा प्रश्न मला विद्यार्थ्यांपेक्षा स्वयंपाकघरातले लोक जास्त विचारतात. त्यात त्याचा सरळ फायदा आहे. पेशीच्या पटलात एक पंप असतो. तो बाहेरचं हिस्टिडिन आत घेतो आणि त्याच्या बदल्यात आतलं हिस्टामिन बाहेर टाकतो. आत हिस्टिडिनमधला कार्बन डायऑक्साइड सुटताना एक प्रोटॉन खर्ची पडतो, म्हणजे आतला आंबटपणा कमी होतो. आत-बाहेरच्या या फरकावर पेशीला थोडी ऊर्जाही मिळते. साखर संपलेल्या, आंबट झालेल्या, खारट पिंपात ही चैनच म्हणायची. आपल्या अंगावर उठणाऱ्या गांधी हा त्याच्या चुलीचा धूर.

तर १९९७ नंतर चित्र सोपं झालं. एक सज्जन, हॅलोफिलस. एक दुर्जन, म्युरिॲटिकस. अहवालात हॅलोफिलस आला तर निश्चिंत व्हावं, म्युरिॲटिकस आला तर पिंप बाजूला काढावं. मलाही बरीच वर्षं हेच पटत होतं आणि मी हेच शिकवत होतो.

जात नव्हे, खिसा

२००८ मध्ये सातोमींच्याच गटानं ते चित्र मोडलं. मासळी-सॉसमधून त्यांना हिस्टामिन करणारा जिवाणू मिळाला आणि तो हॅलोफिलस होता. तोच सज्जन. हिस्टामिन बनवण्याचं जनुक त्याच्या मुख्य गुणसूत्रावर नव्हतंच. ते होतं सुमारे ३० हजार अक्षरांच्या एका प्लाझ्मिडवर. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं लहानसं सुटं कडं, जे एका पेशीकडून दुसरीकडे जाऊ शकतं. त्यावर एन्झाइमचं जनुक, पंपाचं जनुक आणि सोबतची आणखी दोन, असा सगळा संच एकत्र बांधलेला. घरफोडीची हत्यारं एका थैलीत असावीत आणि थैली हातोहात फिरावी, तसं. पुढच्या वर्षांत याच गटाला मासळी-सॉस आणि कोंड्यात मुरवलेल्या माशांतल्या टेट्राजिनोकोकसमध्ये असे प्लाझ्मिड आणखी सापडले.

याहून गमतीची गोष्ट फ्रान्सच्या बोर्दोमधून तीन वर्षं आधीच आली होती. तिथे वाइनमधल्या लॅक्टोबॅसिलस हिल्गार्डी या जिवाणूत पात्रिक ल्युका आणि सहकाऱ्यांना हिस्टामिनचा हाच संच प्लाझ्मिडवर सापडला. त्यांनी जुळवून पाहिलं तर तो वाइनमधल्याच ओइनोकोकसच्या आणि जपानी म्युरिॲटिकसच्या संचाशी जवळजवळ अक्षरशः जुळला. द्राक्षाची वाइन आणि माकुलाचं यकृत. दोन्हींत मीठ सारखं नाही, जिवाणूंची कुळं सारखी नाहीत, फक्त थैली तीच. आणि बोर्दोच्या जिवाणूत ती थैली पक्की नव्हती. प्रयोगशाळेत वाढवताना परिस्थितीप्रमाणे तो ती टाकूनही देत होता.

हा शेवटचा मुद्दा तपासणी करणाऱ्याच्या कानाशी ओरडून सांगण्यासारखा आहे. समजा पिंपातून संशयित पकडला, महिनाभर ताटलीवरून ताटलीवर वाढवला आणि मग विचारलं, 'हिस्टामिन करतोस का?' तो निरागस चेहऱ्यानं 'नाही' म्हणेल, आणि खरं बोलेल. थैली वाटेत कुठेतरी गळाली. उलटही होऊ शकतं : ज्याच्याजवळ ती नव्हती त्याला पिंपातल्या शेजाऱ्याकडून मिळाली. म्हणून 'टेट्राजिनोकोकस हॅलोफिलस आढळला' एवढ्यावर थांबणारा अहवाल मला आता अर्धवट वाटतो. जात विचारून इथे काहीच कळत नाही, खिसे तपासावे लागतात. तेही ताज्या नमुन्यावर, पीसीआरनं (डीएनएचा ठरावीक तुकडा शोधणाऱ्या चाचणीनं), थेट त्या जनुकासाठी. रंग बदलणाऱ्या जुन्या माध्यमावर विसंबू नये. हिस्टामिन झालं की ते जांभळं व्हावं अशी त्याची रचना असते, पण लॅक्टिक जिवाणू त्याच वेळी आम्ल ओततात आणि जांभळा उमटायच्या आत पुसला जातो.

समुद्राकडे एक फेरी

हे जिवाणू मिठाला एवढे सरावलेत तर मुळात समुद्रातलेच असणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. उत्तर थोडं तिरकं आहे. समुद्रात लॅक्टिक आम्ल जिवाणू आहेत हे दाखवण्याचं मोठं काम जपानमध्येच झालं. मोरिओ इशिकावा आणि सहकाऱ्यांनी समुद्रकाठचं सडतं शेवाळ, जिवंत स्पंज असल्या ठिकाणांहून २००३ मध्ये मरिनिलॅक्टिबॅसिलस आणि २००५ मध्ये हॅलोलॅक्टिबॅसिलस ही दोन नवी कुळं वर्णन केली. मरिनिलॅक्टिबॅसिलसला सर्वांत आवडतं मीठ २ ते ३.७५ टक्के, म्हणजे अगदी समुद्राच्या पाण्याएवढं. पण वेळ आली तर तो १७ टक्क्यांच्या पुढेही वाढतो, आणि शून्याखाली १.८ अंशांवरही. हॅलोलॅक्टिबॅसिलस तर २४-२५ टक्क्यांपर्यंत जातो.

मला यांच्यातली आवडती गोष्ट वेगळीच आहे. नाव लॅक्टिक आम्ल जिवाणू, आणि यांना आम्ल फारसं सोसत नाही. त्यांचा आवडता पीएच ८ च्या वर. समुद्राचं पाणीही किंचित अल्कधर्मीच असतं. म्हणजे स्वतःच्याच उत्पादनाचा त्रास होणारे हे कारागीर. याच मरिनिलॅक्टिबॅसिलसचे भाऊबंद युरोपातल्या खारवलेल्या मऊ चीजच्या सालीवर सापडतात आणि जपानजवळच्या नानकाई खंदकाच्या तळाखालच्या गाळातही. टेट्राजिनोकोकस यांचा सख्खा नव्हे, दूरचा आप्त. पण पिंपात कोण शिरतं हे समजायला ही मंडळी उपयोगी पडतात : समुद्राच्या ३.५ टक्क्यांत राहणाऱ्या कुणाकुणाच्या अंगात २० टक्क्यांची तयारी आधीपासून असते.

ती तयारी काय? मीठ पेशीतलं पाणी ओढून घेतं. त्यावर टेट्राजिनोकोकस बाहेरून ग्लायसिन बीटेन नावाचा पदार्थ आत भरून घेतो, जो एन्झाइमांना त्रास न देता पाणी धरून ठेवतो. मासा आणि माकुल यांच्या अंगात बीटेन मुबलक असतं, माकुलाच्या गोडसर चवीत त्याचाही वाटा आहे. म्हणजे आपण पिंपात मीठ घालून जिवाणूला अडवतो आणि माकुल घालून त्याला मिठाविरुद्धचं चिलखतही देतो.

मग करायचं काय

उकळणं हे उत्तर नाही. ते आधीच करतात. जिवाणू मरतात, हिस्टामिन तसंच राहतं. मीठ वाढवणं हेही नाही, त्याचं कारण वर आलंच. मीठ कमी करण्याचा विचार तर कुणी मनातही आणू नये. मासळीच्या लगद्यात मीठ घटलं की हिस्टामिनपेक्षा फार भयंकर पाहुणे येतात, आणि तिथे गांधींवर निभावत नाही. थंडावा ठेवला तर सगळंच मंदावतं, चवही.

उरतो तो विरजणाचा मार्ग, आणि तो आपल्याला समजवावा लागत नाही. दूध आपोआपही नासतं आणि विरजण लावलं तर दही होतं. पिंपातल्या जागा आधीच भरून टाकायच्या. ज्याच्या खिशात थैली नाही असा निवडलेला हॅलोफिलस सुरुवातीलाच भरपूर घालायचा, म्हणजे बाहेरच्याला पाय रोवायला जागा उरणार नाही. याचा पुरावा आहे. ताकाशी कुदा आणि सहकाऱ्यांनी कोंड्यात मुरवलेल्या माशातून घेतलेला हॅलोफिलस वापरून खारवलेल्या माशातलं हिस्टामिन रोखता येतं हे २०१२ मध्ये दाखवलं. थायलंडमध्येही मासळी-सॉससाठी अशा विरजणावर काम झालं आहे.

पण कोंड्यातला मासा आणि यकृताचं पिंप यात एक फरक मला खटकतो. कोंड्यात पिष्ट असतं, सोया सॉसच्या लगद्यात गव्हाची साखर असते. विरजणाला खायला मिळतं, ते आम्ल करतं, जागा पक्की करतं. माकुलाच्या यकृतात साखर जवळजवळ नाही. तिथे उपाशी विरजण किती दिवस पहारा देईल? म्हणून थोडा कोजी, म्हणजे बुरशी चढवलेला भात किंवा गहू, सोबत घालण्याच्या पद्धतीकडे माझा कल आहे. त्यानं चव बदलते हे खरं. जुन्या पिंपावर वाढलेली माणसं त्याला इशिरी म्हणणार नाहीत हेही खरं. हा निर्णय जीवशास्त्राचा नाही आणि माझा तर मुळीच नाही.

किती म्हणजे फार, याचाही हिशेब लावून ठेवू. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या २०११ च्या मानकात मासळी-सॉससाठी हिस्टामिनची मर्यादा १०० ग्रॅममागे ४० मिलिग्रॅम आहे. साध्या माशाला हीच मर्यादा २० आहे. सॉसला दुप्पट सूट पाहून लोक चमकतात, पण सॉस ताटभर खात नाहीत. २०१२ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी ठरवलं की निरोगी माणसाला एका वेळी ५० मिलिग्रॅमपर्यंत त्रास होऊ नये. मर्यादेवरच्या सॉसचा एक मोठा चमचा साधारण १८ ग्रॅम, त्यात हिस्टामिन ७ मिलिग्रॅमच्या आसपास. पन्नासचा आकडा गाठायला सव्वाशे ग्रॅम सॉस प्यावा लागेल, आणि त्यातलं मीठच आधी उलटी काढेल. मात्र पिंप बिघडून तोच आकडा पाचपट झाला, तर दीड चमच्यात काम होतं. बिघडलेला सॉस वासानं ओळखू येत नाही. हिस्टामिनला असा वास नाही, आणि असता तरी इशिरीच्या वासात तो कुणाला कळला असता?

कोकणातून अधूनमधून विचारणा येते. तारली स्वस्त झाली की कुणाला तरी मासळी-सॉस करून विकायची कल्पना सुचते, आणि कल्पना वाईट नाही. अशांना मी चार बाटल्या मागतो, प्रत्येकीवर तारीख घालून, गोठवून : मीठ लावायच्या आधीचा मासा, मीठ लावल्यावर आठवड्यानं, तीन महिन्यांनी आणि गाळल्यावर. शेवटच्या तीन बहुतेक जण आणतात. पहिली विचारली की उत्तर ठरलेलं असतं, "तेव्हा काय सर, मासा ताजाच होता की."

मग मी त्या तीन हिस्टामिनसाठी लावतो आणि अहवालात पहिली ओळ मोकळी सोडतो.